गॅरेजमधलं इंग्लंड

किताजिमा-सान कोणाच्याही घरी गेले, की घरातल्या माणसांच्या आधी छताकडे बघायचे. दारातच मान वर. तुळई दिसत असेल तर तुळईकडे, नुसतं पांढरं प्लास्टर असेल तर त्यामागून तुळई कुठून गेली असेल त्या रेषेकडे. मग भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक आणि त्यानंतर कमरेत वाकून नमस्कार. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, छतावर पाल आहे. म्हणून मीही वर बघितलं. तुमची मधुराआत्या आतून चहा घेऊन आली, आम्ही दोघं मान वर करून उभे असलेले बघितले आणि तीही वर बघत उभी राहिली.

रेवा, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तुझ्यामागे ते एवढं मोठं डॉलहाउस कोणाचं?" आणि ईशानने लगेच विचारलं, "त्यात बाहुल्या का नाहीत?" दोन्ही प्रश्न चांगले होते आणि फोनवर पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखे नव्हते. म्हणून लिहून पाठवते. तुमच्या बाबाला मोठ्याने वाचायला सांगा.

ते डॉलहाउस नाही. ते सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचं घर आहे. खऱ्या घराच्या एक दशांश. ते बांधणारा माणूस इथे जपानात, त्सुकुबात, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. मागच्या वर्षी मी तुमच्याकडे पुण्याला राहून इथे परत आले, तोवर ते दोघं नवराबायको ओसाकाला मुलाजवळ राहायला गेले होते आणि घर आमच्या खोलीत येऊन बसलं होतं. सोबत माझ्या नावाने चिठ्ठी होती ("सान" इथे सगळ्यांच्या नावापुढे आदराने लावतात) : "साने-सान, घराला रोज थोडा उजेड दाखवा. बाहुल्या ठेवू नका. माणूस ठेवला की घर लहान होतं."

किताजिमा-सान दाइकु होते. दाइकु म्हणजे सुतार, पण इथला सुतार अख्खं लाकडी घर उभं करतो. त्यांनी देवळं बांधली नाहीत की वाडे बांधले नाहीत. या गावात संशोधक आणि प्राध्यापक राहायला येत गेले, त्यांना साधी दुमजली घरं हवी होती, ती यांनी जन्मभर बांधली. निवृत्त झाल्यावरही दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल असायचीच. डाव्या कानावरची रेघ मारायला. उजव्या कानावरची, "चुकलं तर." ती उजवी पेन्सिल वापरताना मी त्यांना एकदाच पाहिलं. ते पुढे येईल.

कुठल्याही बाबतीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "धूर कुठून जातो?" घर दाखवलं तरी हाच प्रश्न, माणसाबद्दल सांगितलं तरी हाच. मधुराच्या ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठ बाई कधीच रागावत नाहीत, असं मी एकदा कौतुकाने म्हटलं. किताजिमा-सान चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "मग धूर कुठून जातो त्यांचा? घरी नवरा आहे का? बिचारा."

आणखी एक सवय. इथल्या प्रत्येक घराच्या दारात गेनकान असतं. आत शिरल्यावर थोडी खोलगट जागा, तिथे बूट काढायचे आणि एक पायरी चढून घरात यायचं. बूट काढले की ते वळवून टोकं दाराकडे करून ठेवायचे, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातात. सगळेच तसं करतात. पण किताजिमा-सान खाली बसून, दोन्ही टाचा पायरीला अगदी समांतर लावून ठेवायचे. त्यांच्या बायको, फुमिए-सान, म्हणायच्या, "आमचे हे आल्या क्षणापासून परत जायच्या तयारीत असतात."

फुमिए-सान शाळेत इंग्रजी शिकवायच्या. ठेंगण्या, ताठ, केस अगदी आखून कापलेले. लग्न ठरवताना दोघांच्या आयांनी त्यांना एका चहाच्या दुकानात समोरासमोर बसवलं होतं. बोलायला काही सुचेना, तेव्हा फुमिए-साननी पर्समधून जुन्या कॅलेंडरचं एक पान काढून दाखवलं. त्यावर इंग्लंडमधलं एक जुनं घर होतं. काळ्या लाकडांचा सांगाडा बाहेरूनच दिसतोय, मधल्या जागा पांढऱ्या लिंपलेल्या, वर उंच विटांची चिमणी. "मला अशी घरं बघायची आहेत," त्या म्हणाल्या. किताजिमा-सान चित्रातले लाकडाचे सांधे बघत होते. मान खालीच ठेवून म्हणाले, "दाखवीन."

"माझ्याकडे एकदाही बघितलं नाही," फुमिए-सान मला सांगायच्या. "आणि मी एवढी मूर्ख, की मला वाटलं लाजतायत."

दाखवीन म्हणाले खरे, पण विमानात बसायची त्यांना भीती. साधी नाही, हातपाय गार पडायचे. दुमजली घराच्या आढ्यावर कंबरेला दोरी न बांधता चालणारा माणूस! मी विचारलं तर म्हणाले, "आढ्यावर पायाखाली लाकूड असतं. मी ठोकलेलं. विमान कोणी ठोकलंय, मला काय माहीत?" लग्नानंतर दहा वर्षांनी एकदा तिकिटं काढून दोघं विमानतळापर्यंत गेले होते. आत सोडायच्या दारापाशी किताजिमा-सान बायकोला "सेन्सेई" म्हणाले. सेन्सेई म्हणजे बाई, मास्तरीणबाई. घाबरले की ते बायकोला सेन्सेई म्हणायचे. म्हणाले, "सेन्सेई, आज नको." विमानतळावरच्या दुकानातून मिठाईचा एक खोका घेऊन दोघं परत आले. फुमिए-साननी ती मिठाई शाळेत वाटली. सगळ्यांनी विचारलं, "इंग्लंडची का?"

किताजिमा-सान निवृत्त झाले त्या संध्याकाळी फुमिए-साननी ते कॅलेंडरचं पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नुसतं ठेवलं. तीन दिवस दोघं त्याच्या शेजारी जेवले. चौथ्या दिवशी किताजिमा-साननी प्रस्ताव मांडला : "मी ते घर इथे बांधतो. तुम्ही त्याच्यासमोर बसा. इंग्लंडला जाऊन आल्यासारखं वाटलं, तर मी माझ्या शब्दातून सुटलो. नाही वाटलं, तर मी विमानात बसेन."

"ठीक," फुमिए-सान म्हणाल्या. "पण परीक्षक पेपर आधी बघत नाही. आणि विद्यार्थ्याला मदत करत नाही."

तेव्हापासून अकरा वर्षं त्या स्वतःच्या गॅरेजमध्ये गेल्या नाहीत. गाडी अकरा वर्षं बाहेर उन्हापावसात उभी. आणि घरात इंग्रजी जाणणारी एकच व्यक्ती, तिलाच विचारायचं नाही! पहिली नऊ वर्षं किताजिमा-साननी चित्रं बघून बाहेरचा सांगाडा केला. छप्पर, भिंती, चिमणी. आत काय असायचं, लोक राहायचे कसे, हे चित्रात दिसेना. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक भारतीय आजी राहते, तिने कॉलेजात इंग्रजी शिकवलंय आणि तिला इथे वेगवेगळा करून टाकायच्या कचऱ्याच्या बारा प्रकारांची यादी तोंडपाठ आहे. दुसरी गोष्ट त्यांना जास्त भरवशाची वाटली असावी.

अशा रीतीने ते त्या दिवशी आमच्या छताकडे बघत उभे होते. हातात झेरॉक्सचा गठ्ठा. एका प्राध्यापकांचं घर त्यांनी बांधलं होतं, त्या प्राध्यापकांनी काढून दिलेला. त्या काळी इंग्लंडात माणूस वारला, की गावातले तीन-चार शेजारी त्याच्या घरातून फिरायचे आणि खोलीगणिक प्रत्येक वस्तू लिहून काढायचे. तशी ती एका शेतकऱ्याच्या घराची यादी होती. त्याचं नाव जॉन. त्या गावात निम्मे पुरुष जॉनच असावेत, कारण यादी करणाऱ्या तिघांतही दोन जॉन होते.

मी वाचायला लागले. इंग्रजी जुनं, माझं जपानी कामापुरतं, त्यामुळे बोटं, चित्रं आणि माझी वही यांच्या मदतीने. "हॉलमध्ये एक लांब टेबल, दोन बाक, एक खुर्ची, भिंतीवर रंगवलेलं कापड. पार्लरमध्ये..."

"थांबा." त्यांनी डोळे मिटले होते आणि बोट टेबलावरून चालत होतं. "हॉलनंतर लगेच पार्लर म्हणाले? मधे दुसरं काही नाही?"

"नाही."

"मग दार इथे." डाव्या कानावरची पेन्सिल निघाली. "ते लोक चालत चालत लिहितायत ना? मग आपणही चालायचं."

इतकी वर्षं मी पुस्तकं वाचली आणि मुलांकडून वाचून घेतली, पण यादी पायांनी वाचायची असते हे मला तोवर कळलं नव्हतं. यादीतल्या शेजाऱ्यांच्या मागोमाग किताजिमा-सान त्या घरात शिरले. दर बुधवारी सकाळी दहा ते बारा फुमिए-सान कोरसला, म्हणजे समूहगानाला, जायच्या, त्या वेळात त्यांच्या गॅरेजमध्ये आमचं काम चालायचं. जॉनच्या घरात समोरच्या दारातून शिरलं की मागच्या दारापर्यंत सरळ बोळ होता. बोळाच्या एका बाजूला दूध-लोणी आणि बिअरची कोठारं, दुसऱ्या बाजूला हॉल. हॉल म्हणजे घराचा मुख्य भाग. तिथेच चूल, तिथेच टेबल, मालक, मालकीण, गडी, मोलकरणी सगळे तिथेच जेवणार. मालक कुठे बसायचा, असा प्रश्न आला. गठ्ठ्यात अशा घरांवरची माहितीही होती, ती वाचून मी सांगितलं, बोळाच्या दारापासून सगळ्यात लांबच्या टोकाला.

किताजिमा-सान मांडीवर थाप मारून हसले. "आमच्या कंपनीतले साहेब! दारापासून सगळ्यात लांब, तीच मानाची जागा. आणि नवीन पोरगा दारात, वारा खात. इंग्लंड सोपं आहे हो साने-सान."

पण एकाच खुर्चीवर ते आठवडाभर अडले. "बाकीचे बाकांवर. मग बायको?"

"बाकावर."

"फुमिए-सान हे बघणार आहेत," ते म्हणाले. यादीशी बेइमानी करायची नाही आणि बायकोला बाकावर बसवायचं नाही, असं दुहेरी संकट. शेवटी त्यांनी एकच खुर्ची केली, पण ती टेबलाच्या टोकापासून थोडी ओढून, तिरकी ठेवली. "मालक शेतावर गेलाय," ते म्हणाले. "आता कुणीही बसावं."

मोजमापांचा त्यांना फार आनंद. जपानी सुतारांचं जुनं माप शाकू, आणि इंग्रजांचा फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, फरक एका खिळ्याच्या जाडीएवढा. हे कळल्यावर त्यांनी दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि येईल त्याला दाखवल्या. पोस्टमनला दाखवल्या. मला तर तीनदा. "चारशे वर्षांपूर्वीचा एक सुतार तिकडे, मी इकडे. कधी भेट नाही, पण पाऊल एकच."

चिमणीची परीक्षा मी विसरणार नाही. जॉनच्या आजोबांच्या काळात हॉलच्या मधोमध जमिनीवर आग असायची आणि धूर वर छपराखाली नुसता फिरत राहायचा. मग विटांची चिमणी आली. धुराला वाट मिळाली, तेव्हा हॉलवर माळा घालता आला आणि वरच्या खोल्या झाल्या. ते वाचून दाखवलं तेव्हा किताजिमा-सान उठून उभे राहिले. "म्हणजे अख्खा वरचा मजला धुरामुळे! मी म्हणत होतो ना?" लगेच त्यांनी उदबत्त्यांची अख्खी जुडी पेटवून चुलीत ठेवली. चिमणीतून धूर यायला हवा होता. आला तो वरच्या खोलीच्या दोन खिडक्यांतून, मग छपरातून, मग गॅरेजच्या शटरखालून. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष ओगावा-सान समोरच राहायचे. ते आग विझवायचं नळकांडं घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला घालून धावत आले.

"काय जळतंय? काय जळतंय?"

"इंग्लंड," किताजिमा-सान खोकत म्हणाले. "जरा दोन मिनिटं थांबा."

फुमिए-सान कोरसहून परतल्या तेव्हा गल्लीभर चंदनाचा वास. त्यांनी विचारलं नाही. कचऱ्याच्या जागी दुसऱ्या दिवशी मला भेटल्या तेव्हा बाटल्या वेगळ्या करता करता एवढंच म्हणाल्या, "चिमणीत विटेची एक ओळ जास्त झाली असेल. पण मी काही बोलले नाही हं, साने-सान. मी परीक्षक." मीही काही सांगितलं नाही. पण पुढच्या बुधवारी किताजिमा-साननी चिमणी उघडून बघितली, तर ओळ खरंच जास्त होती.

मग पलंगाची गोष्ट. यादीत सगळ्यात चांगला पलंग, पिसांची गादी, पडदे, सगळं पार्लरमध्ये. म्हणजे पाहुणे येतात त्या खोलीत. किताजिमा-सान हातातलं काम खाली ठेवून बसले. "चुकून लिहिलं असेल. अंथरूण पाहुण्यांना दाखवतात का कुठे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे बाहेरच्या खोलीत कॉट असतेच. आलेला माणूस आधी कॉटवर बसतो. माझ्या लग्नाची बोलणी कॉटवर बसून झाली."

"अंथरुणावर?" ते इतके हादरले की मला हसू आवरेना. पण मग त्यांनी तो पलंग मनापासून केला. बोटभर जाडीचे चार खांब, त्यांवर कोरलेली पानं. पडद्यांसाठी मी माझ्या जुन्या इरकलीचा काठ दिला आणि चष्मा लावून टीप घातली. तुम्हाला कॅमेऱ्यात जो लाल रंग दिसतो तो तोच. वरच्या खोलीत सफरचंदं, चीज, लोकर आणि मुलं, हे सगळं एकत्र ठेवायचे म्हणे. सफरचंदं त्यांनी मण्यांची केली, मुलांची जागा रिकामी सोडली.

घर पूर्ण झालं ते ऑक्टोबरच्या शेवटी. परीक्षेचा दिवस ठरला. रविवार, सकाळी अकरा. मी आणि ओगावा-सान साक्षीदार. ओगावा-सान या वेळी एकाच जोडीच्या चपला घालून आले होते. शटर वर गेलं. किताजिमा-सान इस्त्रीचा शर्ट घालून घराच्या शेजारी उभे, दोन्ही पेन्सिली जागेवर. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. पास की विमान, हे आता अर्ध्या तासात ठरणार होतं.

फुमिए-सान आल्या. कोटाला ब्रूच लावला होता. अकरा वर्षांनी त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकत होत्या. स्टुलावर बसल्या, वाचायचा चष्मा लावला आणि बघायला लागल्या.  मग किताजिमा-साननी छप्पर आणि वरचा मजला उचलून बाजूला ठेवला.

"हा काठ साडीचा आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"छान आहे." मग खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "एकच?"

"मालक शेतावर गेलाय," किताजिमा-सान घाईघाईने म्हणाले.

फुमिए-सानच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी एका बोटाने समोरचं दार उघडलं. "जॉन आला. शेतातून. आता काय करतो?"

"बोळात येतो."

"मग?"

"मग डावीकडे हॉलमध्ये जातो."

"कसा जातो?"

"पायरी चढून."

"पायरी कशासाठी?"

किताजिमा-साननी तोंड उघडलं. "बूट..." म्हणाले आणि थांबले.

मी पुढे वाकून बघितलं. बोळ खाली होता. हॉलची जमीन बरोबर एक पायरी वर होती, कडेला सुरेख घासलेली पट्टी. त्यांनी बोळाचं गेनकान केलं होतं! दोन वर्षं मी भिंग लावून त्या घरातला चमचा न् चमचा यादीशी ताडून पाहिला होता, वहीत खुणा केल्या होत्या. पायरी यादीत नव्हतीच, कुठल्या चित्रातही नव्हती. त्यांच्या हातांनी ती आपोआप केली आणि मला ती कधी दिसलीच नाही. दिसणार कशी? आपल्याकडे तरी चपला घालून घरात कोण शिरतं? इंग्लंडचा शेतकरी चिखलाच्या बुटांनिशी सरळ चुलीपर्यंत जातो, हे आम्हा दोघांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

ओगावा-सान अजून वाकून बघत होते. "पायरी बरोबर आहे की," ते म्हणाले. "पण मग बूट ठेवायचं कपाट कुठे आहे?"

फुमिए-सान आधी हसल्या. मग मी. मग किताजिमा-सान असे हसले, की गॅरेजच्या भिंतीला धरून खाली बसले. ओगावा-सान आमच्याकडे बघत राहिले, मग शेजारधर्म म्हणून तेही हसले.

हसून झाल्यावर किताजिमा-साननी उजव्या कानावरची पेन्सिल काढली आणि त्या पायरीवर एक बारीक फुली मारली. "एका संध्याकाळचं काम," ते म्हणाले. आवाज मात्र खाली गेला होता. "करवतीने काढून टाकतो."

"काढू नका." फुमिए-साननी चष्मा उतरवला. "ओतोसान, ऐका." ओतोसान म्हणजे बाबा. जुन्या वळणाच्या बायका इथे नवऱ्याला मुलांच्या नात्याने हाक मारतात. "हे इंग्लंड नाही. इंग्लंड म्हणून नापास. पण अकरा वर्षं तुम्ही माझ्यासाठी घर बांधलंत, आणि ते मला राहावंसं वाटेल असं झालंय. मला पुरे आहे. तुम्ही तुमच्या शब्दातून सुटलात. विमानात बसायची गरज नाही."

बाळांनो, तो माणूस तिथेच सुटला होता. साक्षीदार हजर होते. ओगावा-सान तर टाळ्या वाजवायला लागलेही.

किताजिमा-सान खाली बसूनच त्या पायरीकडे बघत होते. फुमिए-साननी मोकळं केलेलं त्यांच्या कानात शिरलं होतं की नाही, देव जाणे.

"बूट घालून," ते स्वतःशी म्हणाले. "सरळ आत. मग ती जमीन कशाची असेल? दगड? दगड असेल तर तो उंबऱ्याशी कसा बसवला? चिखल कुठे जातो?" त्यांनी वर बघितलं. "साने-सान, यादीत जमीन लिहिलेली नाही."

"नाही," मी म्हटलं. "जमीन उचलून नेता येत नाही, म्हणून लिहीत नसावेत."

"मग बघायला हवी," ते म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. तरी शब्द परत घेतला नाही. "सेन्सेई," ते म्हणाले, "मी नापास आहे. अट ती अट."

तो सगळा हिवाळा ते विमानाची तयारी करत होते. ग्रंथालयातून विमान कसं बनवतात याची लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणली. "सांध्यांना खिळे नाहीत, रिव्हेट आहेत," मला एकदा चिंतेने सांगितलं, "पण पुष्कळ आहेत." फुमिए-साननी शिकवलेली तीन इंग्रजी वाक्यं ते गल्लीतून चालताना म्हणायचे. त्यातलं एक होतं, "कृपया मला तुमची जमीन दाखवा."

मेमध्ये एका सकाळी मधुराने आपल्या गाडीतून त्या दोघांना विमानतळावर सोडलं. मी बरोबर गेले. पुढच्याच आठवड्यात मी तुमच्याकडे यायला निघणार होते. गाडीत मधुरा म्हणाली, "किताजिमा-सान, पाणी हवंय?" तर त्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवशीही कानांवर दोन्ही पेन्सिली होत्या, पण हात गुडघ्यांवर घट्ट. विमानतळावर मिठाईच्या दुकानावरून जाताना त्यांची पावलं मंदावली. फुमिए-सान न थांबता म्हणाल्या, "येताना घेऊ."

आत सोडायच्या दारापाशी आम्ही थांबलो. पुढे फक्त प्रवासी. काचेतून पलीकडची तपासणीची रांग दिसत होती. दोघं रांगेत लागले. मधुरा म्हणाली, "आई, निघायचं का?" मी म्हटलं, "थांब जरा."

त्यांचा नंबर आला. किताजिमा-साननी खिशातलं सगळं ट्रेमध्ये ठेवलं. कानांवरच्या पेन्सिलीही काढून ठेवल्या. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, ते खाली वाकले, बूट काढले, वळवले आणि तिथे त्या चकचकीत फरशीवर नीट जोडीने ठेवले. टोकं आमच्याकडे. परतीच्या दाराकडे. टाचा रेषेत.

मागची माणसं थांबली. तपासणीवाली मुलगी हात जोडल्यासारखं करून काहीतरी सांगत होती, बूट काढायची गरज नाही असंच असणार. किताजिमा-सान मोज्यांवर उभे होते आणि बुटांकडे बघत होते. हललेच नाहीत. त्यांचे ओठ हलले. ऐकू येणं शक्य नव्हतं, पण कुठला शब्द होता ते मला माहीत आहे.

फुमिए-सान परत फिरल्या. खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एक हात जमिनीवर टेकवून बसल्या. ते दोन बूट त्यांनी उचलले, फिरवले आणि टोकं विमानाच्या बाजूला करून तितकेच सरळ ठेवले. मग उठून, मागे न बघता पुढे गेल्या.

किताजिमा-साननी बुटांत पाय घातले. पहिला, मग दुसरा. ट्रेमधून पेन्सिली उचलून एक डाव्या कानावर लावली, एक उजव्या. मग पलीकडच्या त्या प्रचंड दालनात शिरले आणि शिरल्या शिरल्या थांबून त्यांनी मान वर केली, छताकडे.